आग्रहाचे निमंत्रण

दादा कधी फोनवरून आमंत्रण देत नसत. कुणाला जेवायला बोलवायचे तर त्याच्या दारात जाऊन, घरातल्या लहानथोरांची चौकशी करून बोलवायचे, असा त्यांचा शिरस्ता. त्या रविवारी ते धाकट्या बहिणीच्या घराचे जिने धापा टाकत चढून आले, तेव्हा ती आठवड्याचे कपडे इस्त्री करत बसली होती. चाळिशी उलटून गेली तरी माहेरी तिला सगळे बेबीच म्हणत. सासरचे असे कुणी राहिलेच नव्हते, त्यामुळे तेच नाव तिला शेजारीपाजारी आणि नोकरीच्या जागीही चिकटले होते. एका दंतवैद्याकडे पेशंटांच्या वेळा लावायचे काम ती करी. दुखऱ्या दाढा घेऊन आलेल्या, चिडलेल्या माणसांशी दिवसभर गोड बोलायचे असल्यामुळे रविवारी तिला कुणाशी फारसे बोलायला नको असे. पण दादा म्हणजे दादा.

बेबीचा नवरा गॅलरीत बसून शेजाऱ्यांच्या खुर्चीचा निखळलेला पाय बसवत होता. तो एका फर्निचरच्या कारखान्यात कामाला होता आणि सगळे त्याला मिस्त्री म्हणत. हात इतका साफ होता की त्याने बसवलेल्या सांध्यावरून नख फिरवले तरी कुठे अडत नसे.

दादांनी बातमी सांगितली. त्यांच्या मुलीचे, म्हणजे बेबीच्या भाचीचे, लग्न ठरले होते. मुलाचे वडील औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, माणूस शिकलेला, बोलायला अदबशीर. या नव्या व्याह्यांना शनिवारी संध्याकाळी बाहेर जेवायला न्यायचे होते. नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात, वरच्या मजल्यावरची खोली घेतली होती. फक्त घरची माणसे. दादांनी हात जोडून मिस्त्रींना सांगितले, की लेकीला घेऊन तुम्ही तिघांनी यायचे म्हणजे यायचे, हे आग्रहाचे निमंत्रण आहे.

बेबी दादांना पोचवायला खालपर्यंत गेली. जिन्याच्या शेवटच्या वळणावर तिने विचारलेच.

"दादा, तिथे पिणं असणार?"

"अगं, व्याही घेतात थोडी. मोठ्या लोकांत असतंच ते."

"मग आम्ही नाही आलो तर चालेल का तुला?"

दादांना वाईट वाटले. ते पायरीवरच थांबले आणि म्हणाले, "बेबी, मला सांगावं लागतं का हे? मिस्त्रींच्या पुढ्यात ग्लाससुद्धा येणार नाही. माझ्यावर सोड."

यावर बेबीला बोलायला जागाच राहिली नाही. कारण तेव्हाचे सगळे दादांनीच निस्तरले होते. लेक पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. मिस्त्री दिवसा प्यायचे, रात्री प्यायचे, आणि एका सकाळी कारखान्याच्या मागच्या नाल्याजवळ पडलेले सापडले. फरशांचे दुकान उघडायला निघालेल्या दादांना कुणीतरी ओरडून सांगितले. दादांनी दुकानाच्या किल्ल्या नोकराच्या हातात टाकल्या आणि मेव्हण्याला स्वतःच्या खांद्यावर टाकून आणले. व्यसनमुक्ती केंद्रात भरती केले. दर आठवड्याला फळे घेऊन भेटायला जात. मिस्त्री बाहेर आले त्या दिवशी दादा रडले होते. आज लेक कॉलेजात होती आणि मधल्या वर्षांत मिस्त्रींनी थेंबाला स्पर्श केला नव्हता.

केंद्रातल्या बाईंनी त्यांना एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. कुणी ग्लास पुढे केला तर नुसते 'नको' म्हणायचे. पोट बरे नाही, गाडी चालवायची आहे, औषध चालू आहे, असले काही सांगायचे नाही. कारण दिले की समोरचा त्या कारणाशी भांडत बसतो आणि एकदा तो जिंकला की ग्लास आपल्या हातात येतो. मिस्त्रींना हे पटले होते. बारशी, लग्ने, कारखान्यातल्या निरोपाच्या पार्ट्या त्यांनी या एका शब्दावर पार पाडल्या होत्या.

तरी आठवडाभर बेबीचे मन थाऱ्यावर नव्हते. तिने एकदा आडून सुचवून पाहिले, की मला ताप आल्याचे कळवू. लेक म्हणाली, आपण उशिरा, आइस्क्रीमच्या वेळेला जाऊ. मिस्त्री दोघींवरही रागावले नाहीत. ते म्हणाले, "ज्या माणसानं मला उचलून आणलं, त्याच्या पोरीच्या आनंदात मी तोंड लपवून बसू? मग बरा झालो कशाला?"

शनिवारी ते तिघे वेळेवर पोचले. गोल टेबल, त्यावर पांढरेशुभ्र कापड, प्रत्येकापुढे घडी घातलेला रुमाल. भाचीने लांबूनच आत्याला हात केला. तिच्या शेजारी होणारा नवरा अवघडून बसला होता. व्याही उठून उभे राहिले, बेबीला नमस्कार केला, मिस्त्रींचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांनी आपल्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून लाकूड कोणते म्हणून विचारले, आणि मिस्त्रींनी सांगितलेले खरोखर मन लावून ऐकले. बेबीला तो माणूस आवडला. तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

मग वेटर आला. त्याने न विचारता सगळ्या पुरुषांपुढे ग्लास मांडले. मिस्त्री म्हणाले, "मला नको." वेटरने मान हलवली, त्यांच्या पुढचा ग्लास उचलला आणि लिंबाचे सरबत आणून ठेवले. झाले. इतके सोपे होते ते. त्या खोलीत त्या संध्याकाळी ज्याला कुणाचा मान राखायचा नव्हता, त्याला एकदा सांगितलेले कळले.

बाकीच्यांचे ग्लास भरले. दादा उठून दोन शब्द बोलले. सगळ्यांनी ग्लास उचलले आणि तेवढ्यात व्याह्यांचे लक्ष सरबताकडे गेले. त्यांनी आपला ग्लास परत खाली ठेवला.

"हे काय? मुलीचे काका आणि सरबत?"

"मला नको," मिस्त्री हसून म्हणाले.

"असं कसं? आमच्याकडे पद्धत आहे. टेबलावरच्या सगळ्यांनी उचलल्याशिवाय आम्ही पहिला घोट घेत नाही. तुम्ही नाही तर मी नाही."

हे ते प्रेमाने म्हणाले, हे लक्षात घ्यायला हवे. चारचौघांत एखाद्याला एकटे पडू द्यायचे नाही, अशी त्यांची समजूत होती. आपल्याकडे आतिथ्याची हीच व्याख्या आहे. पाहुणा नको म्हणाला की तो संकोचतो आहे असे धरायचे, आणि त्याचा संकोच मोडेपर्यंत सोडायचे नाही. जो पहिल्या नकाराला थांबतो त्याला आपण कोरडा यजमान म्हणतो.

मिस्त्री पुन्हा म्हणाले, "नको, खरंच नको."

आता सगळे दादांकडे बघू लागले. दादांनी एक वाक्य बोलायचे होते: त्यांना नको आहे, आपण सुरू करू. एवढेच. पण दादांच्या डोक्यात भलतेच चालले होते. व्याह्यांना त्यांनी मेव्हण्याची ओळख नामांकित कारागीर म्हणून करून दिली होती, नाला आणि केंद्र यांच्याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. आता व्याही खोदून विचारतील, बेबी काहीतरी बोलून जाईल, आणि पोरीचे लग्न ठरून चार दिवस होत नाहीत तोच घराण्यातला दारुड्या टेबलावर येऊन बसेल. दादा हसले.

"लाजताहेत हो. घेतील, घेतील."

बेबीने टेबलाखालून नवऱ्याचा गुडघा दाबला आणि मोठ्याने म्हटले, "त्यांना चालत नाही."

"का बरं? डॉक्टरांनी सांगितलंय?" व्याह्यांनी काळजीने विचारले.

बेबीने तोंड उघडले. समोर भाचीचा चेहरा पांढरा पडलेला तिला दिसला. त्या पोरीला सगळे ठाऊक होते. बेबीने तोंड मिटले. तिला पुढे किती दिवस या एका क्षणाचा राग येत राहिला, ते तिचे तिलाच माहीत.

दादा तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "गप्प बस, बेबी. एका घोटानं काय होतंय? मी आहे ना इथे." आणि त्यांनी स्वतः उठून, वेटरच्या हातून बाटली घेऊन, मेव्हण्यासाठी ग्लास भरला.

दुसऱ्या कुणी भरला असता तर मिस्त्रींनी बाजूला सारला असता. ज्यांनी आपल्याला खांद्यावर वाहून आणले तेच आता ग्लास धरून उभे आहेत, सगळ्यांचे हात हवेत थांबले आहेत, आणि आपल्या एका शब्दासाठी एका मुलीची संध्याकाळ नासते आहे, एवढेच त्यांना दिसले. त्यांनी ग्लास घेतला. टेबलावरच्या सगळ्यांनी हुश्श केले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. लेक उठून हात धुवायला गेली ती बराच वेळ परतली नाही.

जेवण उत्तम झाले. व्याह्यांनी निघताना बेबीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

मिस्त्री घरी येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी उठले, दाढी केली, शेजाऱ्यांची खुर्ची नेऊन दिली. काहीच झाले नाही. आणि घात झाला तो तिथेच. इतकी वर्षे ज्याला वाघ समजून लांब राहिलो ते मांजर निघाले, असे त्यांना वाटले. पुढच्या आठवड्यात कारखान्यातून घरी येताना ते एकदा थांबले. मग दोनदा. बेबीला ते पेपरमिंटच्या वासावरून कळले, कारण या माणसाला गोड आवडत नव्हते.

तिने भांडून पाहिले, रडून पाहिले. केंद्रातल्या बाईंना फोन लावला. त्यांनी ताबडतोब घेऊन या म्हटले, पण मिस्त्री जायला तयार होईनात. माझे मी सांभाळतो, हे त्यांचे जुने पालुपद परत सुरू झाले. शेवटी बेबीने दादांना बोलावले. दादा आले आणि त्यांनी मेव्हण्याला लेकीसमोर फैलावर घेतले. तुम्हाला लाज कशी वाटत नाही, मी तुमच्यासाठी काय काय केले, तुमच्या मनगटात एवढाही जोर नाही का, असे पुष्कळ बोलले. मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. बेबी भिंतीला टेकून उभी होती. दादा, ग्लास तू भरलास, हे शब्द तिच्या घशापर्यंत आले. पण दादांनी केलेल्या उपकारांचा ढीग मध्ये होता, आणि तो ओलांडून बोलायची सवय तिला नव्हती. तिने त्यांना चहा केला.

महिना उलटायच्या आत कारखान्यातल्या गोल करवतीने मिस्त्रींच्या उजव्या हाताची तीन बोटे नेली.

तपासणीत त्यांनी दुपारच्या सुट्टीत घेतल्याचे निघाले. कारखान्याने हात झटकले, आणि त्यांना दोष तरी कसा देणार. हॉस्पिटलमध्ये भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण खाटेपाशी हळहळे आणि बाहेरच्या बाकावर जाऊन तेच बोले: पिणाऱ्या माणसाचे असेच व्हायचे, त्या बिचारीच्या नशिबी आले. दादा त्या बाकावर बसून सगळ्यांना सांगत, की आपण करून करून किती करणार. दाराच्या आड बेबीला सगळे ऐकू येई. पिणारा तेवढा प्रत्येकाला दिसत होता. पाजणारा कुणालाच दिसत नव्हता, कारण तो त्यांच्यातच बसला होता.

एका दुपारी मिस्त्री बँडेज बांधलेल्या हाताकडे बघत पडले होते. त्यांनी तिला जवळ बोलावले.

"मी नको म्हटलं होतं ना गं? मला नीट आठवत नाही. इतके लोक बोलतात, मला वाटायला लागलंय की मीच मागितली असेल."

"म्हटलं होतंत. दोनदा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डोळे मिटले. बोटे गेली ती गेली, पण या माणसाचा स्वतःच्या शब्दावरचा भरवसाही सगळ्यांनी मिळून काढून घेतला होता.

त्याच संध्याकाळी दादा व्याह्यांना घेऊन आले. व्याही खरोखर हादरले होते. त्यांना कुणाकडून तरी जुनी हकीकत कळली होती. खाटेजवळ उभे राहून ते बेबीला म्हणाले, "ताई, मला रात्रभर झोप नाही. मला कुणीतरी सांगायला हवं होतं. नुसता एक शब्द टाकला असतात, तर मी कशाला आग्रह केला असता?"

"शब्द टाकला होता त्यांनी," बेबी म्हणाली. "नको, असा. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात."

"तसं नव्हे. म्हणजे, का नको ते मला माहीत असतं तर…"

"तर सोडलं असतंत. म्हणजे माणसानं आपलं दुखणं टेबलावर काढून दाखवायचं, मग तुम्ही त्याचं नको खरं मानणार. आणि ज्याला दाखवायचं नाही, त्यानं प्यायचं. असंच ना?"

दादा घाईने मध्ये पडले, की बेबी, ते मोठे आहेत, तू दमलीयस. तेव्हा ती दादांकडे वळली. आवाज चढवला नाही. दवाखान्यात दाढ दुखणाऱ्यांशी बोलते तशीच बोलली.

"दादा, तू यांना उचलून आणलंस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या दिवशी ग्लास तू भरलास. दोन्ही तूच केलंस. यापुढे लोकांना एक सांगशील तेव्हा दुसरंही सांग."

दादांचा चेहरा उतरला. ते बाहेर बाकावर जाऊन बसले, आणि त्या दिवशी आलेल्या कुणाशी ते काही बोलले नाहीत.

मिस्त्री बरे होऊन पुन्हा केंद्रात गेले, या वेळी स्वतःच्या पायांनी. भाचीचे लग्न ठरवलेल्या तारखेलाच झाले. ती आत्याला स्वतः बोलवायला आली होती आणि दारातच गळ्यात पडून रडली होती, म्हणून बेबी गेली. रात्रीचे जेवण एका मोठ्या हॉटेलात होते, माणसेही पुष्कळ होती. दादा टेबलाटेबलांवरून फिरत होते. त्यांचा तो पूर्वीचा आग्रहाचा सूर मात्र आता निघत नव्हता. ते नुसते नमस्कार करून पुढे सरकत.

बेबी लेकीबरोबर एका कोपऱ्यात जेवत होती. मागच्या टेबलावर मुलाकडचे कुणी पाहुणे बसले होते, तिच्या ओळखीचे नव्हते. एक लठ्ठ, हसतमुख गृहस्थ सगळ्यांचे ग्लास भरत होते. त्यांनी पलीकडच्या तरुणाकडे बाटली वळवली. तो म्हणाला, नको. गृहस्थ म्हणाले, असं कसं, लग्न रोज असतं का. तो पुन्हा नको म्हणाला आणि त्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिले. बायको ताटाकडे बघत होती. टेबलावरचे बाकीचे हसले. कुणी म्हणाले, बायकोला घाबरतो वाटतं. गृहस्थ म्हणाले, आमच्यासाठी एक घोट.

बेबीचा हात ताटातच थांबला. लेकीने तिच्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "आई, नको, जाऊ दे. आपल्या ओळखीचे नाहीत ते."

बेबी उठली, हात पुसले आणि त्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"ते नको म्हणाले," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. गृहस्थांनी हसत विचारले, की आपण कोण? मुलीकडच्या का? बेबीने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

"दोनदा म्हणाले. मी तिकडे बसून ऐकलं, म्हणजे तुम्हालाही ऐकू आलं असेल."

हसणे थांबले. कुणीतरी हळू आवाजात म्हणाले, काय बाई आहे. लांबून दादा घाईघाईने येताना दिसले. जवळ येऊन त्यांनी तिच्या दंडाला स्पर्श केला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडले. तिने त्यांच्याकडे पाहिले. दादांनी हात काढून घेतला आणि ते तिथेच, बहिणीच्या मागे, उभे राहिले.

त्या तरुणाच्या बायकोने ताटावरून मान वर केली. तिने आपल्या शेजारची रिकामी खुर्ची मागे ओढून जागा केली. बेबी बसली. लठ्ठ गृहस्थांच्या हातातली बाटली अजून तशीच तिरकी होती, आणि ती सरळ होईपर्यंत बेबीने त्यांच्यावरची नजर काढली नाही.